मोजणीची चित्रपुस्तकं : निवडायची कशी, वाचायची कशी, घरी करायची कशी

मूल दोन-अडीच वर्षांचं झालं की नातेवाइकांचा पहिला प्रश्न असतो, "अंक येतात काय रे याला?" मग ते सोफ्यावर उभं राहून एक ते दहा घडाघडा म्हणून दाखवतं, टाळ्या पडतात आणि याला मोजता येतं अशी सगळ्यांची समजूत होते. त्याच मुलापुढे बिस्किटांचा डबा धरा आणि "मला तीन दे" म्हणा. बहुतेक वेळा मूठभर बिस्किटं तुमच्या हातात येतील. अंक म्हणता येणं वेगळं आणि मोजता येणं वेगळं. मोजणीचं चित्रपुस्तक असतं ते या दुसऱ्या कामासाठी, आणि घोळ नेमका तिथंच होतो. पुस्तक घेतलं जातं अंक पाठ व्हावेत म्हणून आणि वाचलंही जातं तसंच.

आमच्या सोसायटीत लहान मुलांसाठी मी एक पुस्तककोपरा चालवते. नवे आई-बाबा तेच ते प्रश्न घेऊन येतात, म्हणून एकदाच सगळं क्रमानं लिहून काढलं. लिहिताना नागपूर डोळ्यांसमोर होतं, पण गावाचं नाव बदललं तरी फार काही बिघडणार नाही.

१. आधी मूल कुठवर आलंय ते पाहा

रोशेल गेलमन आणि सी. आर. गॅलिस्टेल या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली मोजण्यामागची पाच तत्त्वं मांडली. त्यातली तीन तुमच्या रोजच्या कामाची आहेत. अंकांचा क्रम ठरलेला असतो. एका वस्तूला एकच अंक मिळतो, दोन नाहीत आणि शून्यही नाही. आणि मोजताना शेवटी जो अंक आला, तीच सगळ्यांची मिळून संख्या. उरलेली दोन तत्त्वं अशी की कुठल्याही वस्तू मोजता येतात आणि कुठूनही सुरुवात केली तरी उत्तर तेच येतं.

यातलं तिसरं तत्त्व मुलांना सगळ्यात उशिरा उमगतं, साधारण साडेतीन-चार वर्षांच्या सुमारास. त्याआधी आधी 'एक' पक्का होतो, मग काही महिन्यांनी 'दोन', मग 'तीन'. मूल कुठं आहे ते पाहायला बाटल्यांची दहा-बारा झाकणं जमिनीवर पसरा आणि खेळता खेळता एक माग, दोन माग, तीन माग. जिथून मूठ भरून झाकणं यायला लागतात, त्याच्या आधीपर्यंतचे अंक मुलाला खरे कळलेत असं समजा. पुस्तक निवडायचं ते त्याच्या एक-दोन पायऱ्या पुढचं.

हे पाहणं महिन्या-दोन महिन्यांतून एकदा पुरे. रोज झाकणं मागितली की मूल कंटाळतं, आणि मग मुद्दाम सगळी झाकणं तुमच्या अंगावर फेकतं.

२. जवळ काय काय ठेवायचं

- दोन-तीन मोजणीची पुस्तकं. यापेक्षा जास्त नकोत. लहान मुलांना तेच ते हवं असतं.
- बाटल्यांची दहा-बारा झाकणं. चिंचोके, राजमा, मणी तीन वर्षांखालच्या मुलाजवळ ठेवायचे नाहीत, ते थेट तोंडात किंवा नाकात जातात.
- वाचनालयाचं सभासद व्हायचं असेल तर आधार कार्डाची झेरॉक्स, पासपोर्ट फोटो आणि अनामत रक्कम. वर्गणी भरण्याआधी बालविभागाचं कपाट उघडून बघायला मागा. 'बालसाहित्य' अशी पाटी असलेल्या कपाटात बऱ्याचदा दहा वर्षांच्या मुलांच्या गोष्टी असतात, चित्रपुस्तक एकही नसतं.
- घरी पुस्तक करणार असाल तर खिशांचा छोटा फोटो अल्बम, जाड मार्कर, कार्डशीट, फेविकॉल, दाभण आणि जाड दोरा.

३. पुस्तक कुठून आणायचं

नागपुरात सीताबर्डीच्या बाजारात, म्हणजे आमच्या बर्डीवर, नव्या पुस्तकांची दुकानं आहेत आणि जुन्या पुस्तकांचे ठेलेही. ठेल्यावर जाड पुठ्ठ्याची इंग्रजी पुस्तकं कधीकधी चांगली सापडतात, मात्र मधलं पान गायब नाही ना ते आधी बघा. मराठीत ज्योत्स्ना प्रकाशनाची बालपुस्तकं आहेत, नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालय मालेतली आहेत, प्रथम बुक्सची आहेत. चेन्नईचं तूलिका प्रकाशन एकाच पुस्तकात इंग्रजी आणि मराठी दोन्ही मजकूर छापतं. आई एका भाषेत आणि शाळा दुसऱ्या भाषेत अशी स्थिती असलेल्या घरात ती बरी पडतात.

पैसे खर्च करायचे नसतील तर प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ उघडा. २०१५ साली ते सुरू झालं. मराठीतली भरपूर पुस्तकं तिथं फुकट वाचता येतात, उतरवून घेता येतात आणि श्रेय देऊन छापताही येतात. मोबाइलवर दाखवू नका, छापूनच घ्या. पडद्यावर बोट ठेवलं की पान सरकतं आणि मोजणी मोडते.

अंकलिपीचं काय, हा प्रश्न येतोच. अंकलिपीला माझा विरोध नाही. कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळते, स्वस्त असते, अंकांच्या आकाराची ओळख करून देते. पण '५' च्या समोर टिचभर चौकटीत पाच पेरू कोंबलेले असतात. मुलानं एका पेरूवर बोट ठेवलं की शेजारचे दोन झाकले जातात. अंकलिपी अंक ओळखायला ठेवा, मोजायला वेगळं पुस्तक घ्या.

४. पैसे देण्याआधी प्रत्येक पान स्वतः मोजा

दुकानदार जरा विचित्र नजरेनं बघेल, बघू द्या. मुखपृष्ठ कितीही गोड असलं तरी खालच्या गोष्टी तपासल्याशिवाय घेऊ नका.

*संख्या चुकलेली.* स्वस्त पुस्तकांत '८' लिहून सात फुलपाखरं काढलेली असतात. मोठ्यांना ते जाणवतही नाही, कारण आपण अंक वाचतो, चित्र मोजत नाही. मूल चित्र मोजतं.

*अर्धी वस्तू.* चित्रकार सुंदर रचनेसाठी पाचवी गाय कडेला अर्धी कापतो. आमच्या कोपऱ्यातल्या एका पुस्तकात असंच आहे. मूल विचारतं, "ही काहून अर्धी हाय? ही मोजायची काय?" आणि मोजणी तिथंच अडते.

*मधल्या घडीत गेलेली वस्तू.* चित्र दोन्ही पानांवर पसरलेलं असेल तर पुस्तक पूर्ण उघडून घडीत बोट फिरवा. शिलाईत एखादं बदक हमखास बुडालेलं असतं.

*पाहुणे.* पान पाच पक्ष्यांचं, झाडावर पाच पक्षी, आणि मागे आकाशात शोभेसाठी आणखी दोन. मूल सात म्हणतं. बरोबर कोण, तुम्ही की मूल? चार वर्षांच्या पुढच्या मुलाशी अशा पानावर मस्त वाद घालता येतो, पण पहिल्या पुस्तकात ही झंझट नको.

*काय मोजायचं तेच न कळणं.* दोनच्या पानावर बुटांची जोडी असली तर ते एक की दोन? चारच्या पानावर घोड्याचे पाय असले तर घोडा एकच दिसतो. सुरुवातीला सुटी, अख्खी, एका नजरेत वेगळी दिसणारी वस्तू हवी.

*मांडणी.* पहिल्या पुस्तकात वस्तू ओळीत असाव्यात, म्हणजे बोट डावीकडून उजवीकडे सरकतं आणि कुठून सुरू केलं ते लक्षात राहतं. ओळीतलं जमलं की विखुरलेल्या वस्तूंचं पुस्तक. लपलेल्या वस्तू शोधून मोजायचं पुस्तक त्याच्याही नंतर.

अंकाचा ठसा मोठा आणि स्पष्ट हवा. मराठी शाळेत घालणार असाल तर देवनागरी अंकांचं घ्या, इंग्रजी शाळेत घालणार असाल तर दोन्ही अंक असलेलं मिळालं तर उत्तम. देवनागरीत ३ आणि ६, तसंच १ आणि ९ मुलांना उलटसुलट वाटतात. चार-पाच वर्षांची मुलं अंक उलटे काढतात, त्यावरून घाबरून कुणाकडे धावत जायची गरज नाही.

दोन वर्षांखालच्या मुलासाठी जाड पुठ्ठ्याचं, गोल कोपऱ्यांचं पुस्तक घ्या. तीनपर्यंत गेलं तरी पुरे. एक ते वीसचं पुस्तक 'जास्त दिवस चालेल' म्हणून आत्ताच घेणं हा ठरलेला सापळा आहे. पंधराव्या पानावर मुंग्यांची गर्दी असते आणि मूल पुस्तक सोडून पळतं.

५. वाचायचं कसं

सगळं इथं आहे, म्हणून जरा सावकाश सांगते.

पुस्तक जमिनीवर किंवा पाटावर सपाट ठेवा. हातात धरून वाचलं तर मुलाचा एक हात पुस्तक सांभाळण्यात जातो. पान उघडल्यावर आधी चित्राबद्दल बोला. बैल कुठं चाललेत, त्यांच्या शिंगांना रंग कुठला. मग सांगा, "आपण बैल मोजू या." काय मोजायचं ते शब्दांत सांगणं महत्त्वाचं आहे, नाहीतर मूल बैल, झूल आणि घुंगरं एकत्र मोजतं.

बोट मुलाचं, तुमचं नाही. प्रत्येक बैलावर बोट टेकलं की एक अंक. एक... दोन... तीन. शेवटच्या बैलानंतर थांबा, हात सगळ्या बैलांभोवती गोल फिरवा आणि म्हणा, "तीन बैल." हा गोल हात विसरू नका. शेवटचा अंक शेवटच्या बैलाचं नाव नाही, सगळ्यांचा मिळून आहे, हे त्या हातातून कळतं.

आता विचारा, "किती बैल?" लहान मूल उत्तर न देता पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागेल. ही चूक नाही. तिसरं तत्त्व अजून आलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. तुम्ही शांतपणे पुन्हा हात फिरवा, "तीन बैल", आणि पान उलटा.

बोट एका बैलावर दोनदा पडत असेल किंवा एखादा सुटत असेल तर झाकणं काढा. प्रत्येक चित्रावर एक झाकण ठेवायला सांगा. मग ती झाकणं उचलून बाजूला ओळीत मांडा आणि मोजा. पुस्तकातले बैल आणि जमिनीवरची झाकणं सारखीच निघाली, याचं मुलांना भारी नवल वाटतं. एक उचललं की एक अंक, ही शिस्त हातालाच लागते, तोंडी सांगावी लागत नाही.

एक, दोन, तीन वस्तू मुलांना न मोजताही नजरेनं कळतात. मूल पान उघडताच "तीन!" म्हणालं तर "आधी मोजून दाखव" असा हट्ट धरू नका.

ओळखीचं पान झालं की खेळ बदला. उजवीकडून मोजा. मधूनच सुरू करा. हातानं दोन बैल झाका आणि "आता किती दिसतात?" विचारा. सगळ्यात चालणारा खेळ म्हणजे चुकीचं मोजणं: "मी मोजते, तू बघ," म्हणायचं आणि एक बैल गाळायचा किंवा एकाला दोनदा मोजायचं. ज्याला स्वतःला नीट मोजता येत नाही ते पोट्टंही तुमची चूक पकडतं आणि घरभर सांगत सुटतं.

अंकासोबत वस्तूचं नाव पूर्ण म्हणा. एक घोडा, चार घोडे. एक गाय, दोन गाई. एक केळं, पाच केळी. मराठीतली अनेकवचनं अशीच कानावर पडून येतात. माणसांचं पान असेल तर तिघं, चौघी असंही सहज म्हणून टाका.

घरच्या मोठ्यांनाही जरा विश्वासात घ्या. आजी बोटांच्या पेरांवर मोजते आणि नातवालाही तेच शिकवू पाहते. एका बोटावर तीन पेरं आली की मुलाला बोट मोजायचं की पेर, ते कळत नाही. आधी अख्खी बोटं पक्की होऊ द्या, पेरं दुसरीत गेल्यावरही शिकता येतील. आजोबांची 'चल, पाहुण्यांना म्हणून दाखव' ही सवय मात्र मला अजून कुठल्याच घरात मोडता आलेली दिसली नाही.

रोज दहापर्यंत पोहोचायलाच हवं असं नाही. चारच्या पानावर गप्पा रंगल्या तर चारवरच पुस्तक मिटा.

६. मराठी, हिंदी की इंग्रजी?

नागपुरात हा प्रश्न टाळता येत नाही. घरात मराठी, खाली खेळायला गेलं की हिंदी, नर्सरीत इंग्रजी. मूल मोजतं, "एक, दो, तीन, फोर." हसू येतं, पण एका मोजणीत तीन भाषा आल्या की अंकांचा क्रमच पक्का होत नाही.

माझा नियम साधा आहे: एका बैठकीत एक भाषा. घरचं पुस्तक घरच्या भाषेत. तीन म्हणजे किती हे एका भाषेत कळलं की 'थ्री' हे त्याच गोष्टीचं दुसरं नाव होतं, पुन्हा पहिल्यापासून शिकवावं लागत नाही. मूल मध्येच हिंदीत गेलं तर रागावू नका, पुढचा अंक तुम्ही मराठीत म्हणा, ते परत येतं.

७. आपल्या गावाचं पुस्तक घरी करा

विकतच्या पुस्तकांत अस्वलं, पेंग्विन आणि सफरचंदं असतात. एक पुस्तक मुलानं स्वतः पाहिलेल्या गोष्टींचं असू द्या. सोपा मार्ग असा: मोबाइलवर फोटो काढा, स्टुडिओतून लहान आकाराच्या प्रिंट घ्या, खिशांच्या अल्बममध्ये डावीकडे अंक आणि उजवीकडे फोटो घाला. पान खराब झालं की फक्त प्रिंट बदलायची.

नागपूरकरांसाठी पानं सुचवते.

एकसाठी झीरो माइलचा दगडी खांब. चारसाठी तिथलेच घोड्यांचे पुतळे. चारही घोडे नीट दिसतील अशी जागा शोधा. फोटोत तीन आले तर मूल तीनच म्हणणार. तीनसाठी मेट्रो, आपल्या गाडीला डबे तीन असतात. फोटो फलाटावरून काढा. खालच्या रस्त्यावरून काढलात तर डब्यांऐवजी पुलाचे खांब मोजले जातील.

पाचसाठी तान्हा पोळा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलं लाकडी बैल सजवून घेऊन निघतात, तेव्हा शेजारच्या पोरांचे पाच बैल ओळीत उभे करून घ्या. बैल मोजायचे की त्यांची चाकं, ते आधीच ठरवा. पोरांचे चेहरे फोटोत येणार असतील तर त्यांच्या आई-बाबांना विचारा. सहासाठी संक्रांतीचे पतंग, ते भिंतीला टेकवून ठेवलेले, आकाशातले नाहीत. सातसाठी ताटातल्या सांबारवड्या, म्हणजे कोथिंबिरीच्या वड्या, एकमेकींवर न रचता. दोन, आठ आणि नऊसाठी घरात भरपूर काही सापडेल.

दहासाठी सगळे संत्र्याच्या फोडी सुचवतात. जपून. फोडी कधी नऊ निघतात, कधी अकरा. त्यापेक्षा संत्र्याचं पान वेगळं ठेवा आणि अंकाच्या खिशात कोरी चिठ्ठी घाला. संत्रा सोलायचा, फोडी ताटलीत गोल मांडायच्या, मोजायच्या आणि त्या दिवशी जो आकडा आला तो चिठ्ठीवर लिहायचा. खायच्या आधी मोजायचं, हे एवढं पाळा.

शून्याचं पान करायचंच असेल तर सुरुवातीला नको, शेवटी घाला. शून्य ही कल्पना बाकीच्या अंकांनंतर येते. संत्री संपलेली रिकामी टोपली पुरेशी आहे.

शिवलेलं पुस्तक हवं असेल तर पानांचा हिशेब आधी करा. एक कागद मधोमध दुमडला की चार पानं होतात. एका अंकाला एक पान धरलं तर तीन कागदांत बारा पानं मिळतात: नावाचं एक, अंकांची दहा, शेवटी एक कोरं. आवरणाचा कागद वेगळा. कार्डशीट दुमडण्याआधी पट्टी लावून संपलेल्या बॉलपेननं रेघ ओढा, नाहीतर घडीवर कागद तडकतो. घडीत दाभणानं तीन भोकं पाडून दोऱ्यानं शिवा. स्टेपलरची पिन वापरू नका. ती सुटते आणि आधी मुलाच्या बोटात जाते.

८. दहाच्या पुढे

घाई नको. मराठीत अकरापासून जवळपास प्रत्येक अंकाचं नाव वेगळं पाठ करावं लागतं, त्यात एकोणीस, एकोणतीस ही एक कमी करून येणारी मंडळी. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक', 'साठ तीन' अशी अंकवाचनाची पद्धत आली तेव्हा राज्यभर केवढा वाद झाला ते आठवत असेल. तो वाद दुसरीच्या मुलांचा. तुमच्या तीन-चार वर्षांच्या मुलासाठी दहा पुष्कळ झाले.

दहा पक्के झाल्याची खूण एकच: "मला सात दे" म्हटलं की मूल मोजून सात देतं आणि थांबतं. मग दहा-दहाच्या गठ्ठ्यांची पुस्तकं आणा, उलटी मोजणी करा, एका पानावर दोन रंगांचे बैल मांडून बेरीज करा.

९. डागडुजी

फाटलेल्या पानाला साधी सेलोटेप लावू नका. ती पिवळी पडते आणि सुटल्यावर धूळ धरते. पातळ कागदाची पट्टी फेविकॉलनं चिकटवा आणि पुस्तक जड डब्याखाली रात्रभर ठेवा. सहाचं पान हरवलं असेल तर पुस्तक तसंच वाचायला देऊ नका, पाचानंतर सात असा क्रम कानात बसतो. त्याच मापाच्या कार्डशीटवर मुलाकडूनच सहा काहीतरी काढून घ्या आणि तिथं चिकटवा. आधी मोजून घ्या, पाचच निघतात कधीकधी.